पैसे दिले, पण गावला काय?

*ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बहुतेक फुकट सुरू होतात आणि कधीतरी हळूच खिशाकडे बघतात. तेव्हा पैसे द्यायचे की नाही? मालवणच्या पावसात, एक वही आणि तुटपुंजं मानधन घेऊन शोधलेलं हे उत्तर.*

जुलैमधली रात्र. साडेदहा वाजलेत. पाऊस असा कोसळतोय, की कौलांवरचा आवाज हेडफोन लावूनही ऐकू येतोय. फोन चार्जिंगला लावून ठेवलाय, कारण लाइट कधी जाईल याचा नेम नाही. स्क्रीनवर माझी बुटकी, चौकोनी चेहऱ्याची लढवय्यी एका फाटकासमोर उभी आहे. मी फाटकावर टॅप करते, ते उघडत नाही. पलीकडचा मुलूख फक्त मेंबर्ससाठी, असा मेसेज येतो.

माझे तिन्ही फ्रेंड्स आज त्या मुलखात आहेत. कॉलवर त्यांचा आवाज येतोय, पण ते मला दिसत नाहीत.

‘‘अगं, घे ना मेंबरशिप एकदाची,’’ पुणेवाली म्हणते.

‘‘बाराशे तर आहेत,’’ डोंबिवलीवाला.

‘बाराशे तर आहेत’ हे वाक्य पगार घेणाऱ्याला सोपं असतं. मी पेपरात इंटर्न आहे. महिन्याचं मानधन पाच हजार. त्यातून एसटीचा पास, मोबाइलचा रिचार्ज आणि चहा-वडापाव वजा केला की उरतं ते सांगण्यासारखं नाही. त्यामुळे मी ‘बघते’ म्हटलं. आणि खरंच बघायला लागले.

चौघं आणि एक फाटक

आम्ही चौघं कोल्हापूरला मास कम्युनिकेशनच्या एकाच वर्गात होतो. डिग्री झाली आणि पांगलो. एक पुण्यात, एक डोंबिवलीहून रोज लोकल पकडून मुंबईत, एक पणजीत आणि मी घरी, मालवणात. पहिले दोन महिने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर गप्पा झाल्या. मग ग्रुपवर फक्त रील्स यायला लागली. मग तीही कमी झाली. तेव्हा पणजीवालीनं आयडिया काढली, की रोज रात्री एखादा गेम खेळू या.

सगळ्यांचे फोन साधे, म्हणून ठरला ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’. मूळ रुनस्केप अँड्र्यू आणि पॉल गाउअर या ब्रिटिश भावंडांनी २००१ मध्ये सुरू केला. पुढे तो इतका बदलला, की जुन्या खेळाडूंनी जुनाच गेम परत मागितला आणि मतदान घेऊन २०१३ मध्ये तो परत आणला गेला. २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे. ग्राफिक्स बघून आजचा पाचवीतला मुलगा हसेल. पण लाकडं तोडा, खाणीत खोदा, मासे पकडा, जेवण रांधा, राक्षस मारा आणि हे सगळं करता करता गप्पा मारा, यात जी मजा आहे ती ग्राफिक्सवर अवलंबून नाही.

मालवणच्या मुलीला त्यातली मासेमारी आवडणार हे उघडच होतं. गंमत अशी, की इथं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या आणि मी मात्र रोज रात्री फोनवर लॉबस्टर पकडतेय. लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड, ती फुकट खेळणाऱ्यालाही मिळते. पण शार्क, म्हणजे आपली मोरी पकडायची तर मेंबर व्हावं लागतं. नकाशाचा मोठा भाग, बरीच कौशल्यं, बऱ्याचशा कथा, सगळं त्या फाटकाच्या पलीकडे.

जूनअखेर बाकीच्या तिघांनी मेंबरशिप घेतली. तरी माझ्यासाठी ते आठवड्यातून दोन-तीनदा फुकटच्या जगात यायचे. ते आले की बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. पुढे गेलेल्यांनी आपल्यासाठी मागे यावं, हे फार दिवस चालत नाही.

७९ रुपयांची पेटी

मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही, त्याला पैशांखेरीज आणखी एक कारण होतं.

आमच्या घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. बाबा त्या चालवतात. २०२० च्या पावसाळ्यात त्या दोन्ही खोल्या मार्चपासून रिकाम्या होत्या. कॉलेज ऑनलाइन, मी घरात आणि फोनवर एक फुकटचा फँटसी गेम. कुठला ते इथं महत्त्वाचं नाही. त्यात एक पेटी होती. ७९ रुपयांची. पेटीत काय निघेल ते उघडल्यावरच कळायचं. मला एक तलवार हवी होती, निळा प्रकाश पडणारी. बाबांच्या फोनवरून यूपीआयनं पैसे जात होते आणि ७९ हा आकडा इतका बारीक होता, की मी कधी बेरीजच केली नाही. बेरीज बाबांनी केली. तीस पेट्या. २,३७० रुपये.

मला वाटलं आता ओरडा बसणार. बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘पैशे गेले तेचा काय नाय गो. पण तुका गावला काय, ता तरी दाखय.’’

मी तलवार दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली.

‘‘ही विकूक येता?’’

‘‘नाय.’’

‘‘कोणाक देवक?’’

‘‘नाय.’’

ते काही बोलले नाहीत. मी तो गेम पुढच्या वर्षी डिलीट केला. तलवार अजून तिथंच कुठंतरी असेल, नाहीतर नसेलही. पण ‘गावला काय?’ हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. गेमवर पैसे टाकायचे की नाही हे ठरवताना याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. फक्त तो पैसे गेल्यावर नाही, जाण्याआधी विचारायचा.

फुकटचे पैसे कोण भरतं?

आपल्याकडे जत्रेतला दशावतार बघायला तिकीट नसतं. रात्रभर बसा, पहाटेपर्यंत बघा. म्हणून तो फुकट असतो का? नाही. देवस्थान, गाव किंवा नवस फेडणारा कुणीतरी कंपनीचे पैसे भरतो, म्हणून आपल्याला फुकट बघायला मिळतं. ‘फुकट’ गेमचंही असंच आहे. सर्व्हर चालतो, नवे नकाशे येतात, शेकडो माणसांचे पगार होतात. ते पैसे कुणीतरी भरतंच. कोण आणि कशासाठी भरतं, यावरून गेमचा स्वभाव कळतो. ढोबळमानानं तीन प्रकार आहेत.

पहिला, महिन्याची फी. १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’पासून ही पद्धत रुळली. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं ती जगभर नेली. अमेरिकेत त्याची फी तेव्हापासून महिन्याला १४.९९ डॉलर आहे. इथं व्यवहार साफ असतो. सगळ्यांना एकच दर, सगळ्यांना सगळा मुलूख. तोटा एवढाच, की तुम्ही खेळा वा न खेळा, मीटर पडत राहतं.

दुसरा, एकदाच विकत घेण्याचा. २०१२ मध्ये आलेला ‘गिल्ड वॉर्स २’ हे याचं नेहमीचं उदाहरण. महिन्याची फी नाही, मोठी भर आली की ती वेगळी विकत घ्यायची, तीही हवी असेल तर. ज्यांचं खेळणं वर्षातून दोन सुट्ट्यांपुरतं असतं, त्यांना हा प्रकार परवडतो.

तिसरा, सुरुवात फुकट आणि आत दुकान. आज फोनवरचे बहुतेक रोल-प्लेइंग गेम याच प्रकारातले. या धंद्यात मोठा खर्च करणाऱ्या खेळाडूला ‘व्हेल’ म्हणतात, मधल्याला ‘डॉल्फिन’ आणि चिल्लर खर्च करणाऱ्याला ‘मिनो’, म्हणजे बारीक मासळी. आपण तारकर्लीला डॉल्फिन बघायला होडीतून जातो. इथं डॉल्फिन आपणच असतो आणि बघणारे दुसरे असतात. मोजक्या व्हेल्सच्या जिवावर बाकीच्यांना फुकट खेळायला मिळतं. त्यामुळे दुकान सतत नजरेसमोर राहील, अशीच त्या गेमची रचना होते.

या तिसऱ्या प्रकारातही दोन पोटजाती आहेत आणि फरक मोठा आहे. काही दुकानांत वस्तू समोर दिसते, किंमत दिसते, घ्या किंवा सोडा. बाकीच्यांत मिळते फक्त संधी. म्हणजे माझी ७९ रुपयांची पेटी.

गणित घालून बघू या

पेटीचं गणित कसं असतं, हे ‘गेनशिन इम्पॅक्ट’वरून नीट समजतं, कारण त्याचे आकडे कंपनीच जाहीर करते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला हा गेम दिसायला अप्रतिम आहे आणि त्याची मुख्य कथा एक पैसा न देता खेळता येते, हे आधीच सांगते. पण नवं पंचतारांकित पात्र हवं असेल तर ‘विश’ करावी लागते. एका विशला १६० प्रिमोजेम लागतात. एका विशमध्ये पंचतारांकित काही निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के.

आता दुकानातलं सगळ्यात मोठं पॅक घ्या. अमेरिकेतली किंमत ९९.९९ डॉलर. पहिल्या खरेदीची दुप्पट ऑफर सोडली तर त्यात बोनस धरून ८,०८० क्रिस्टल मिळतात. म्हणजे ५० विश. शून्यापासून सुरुवात केली तर ५० विशमध्ये एकही पंचतारांकित न निघण्याची शक्यता जवळपास ७४ टक्के येते. कॅल्क्युलेटरवर ०.९९४ चा ५० वा घात काढून बघा. सरळ सांगायचं तर शंभर डॉलर देणाऱ्या चार जणांपैकी तिघं त्यासाठी रिकाम्या हातानं परततात.

गेममध्ये हमीसुद्धा आहे. ९० व्या विशपर्यंत पंचतारांकित निघतंच. पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पहिल्यांदा चुकलं तर पुढचं नक्की हवं तेच. म्हणजे नशीब अगदीच फिरलेलं असेल तर १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. शंभर डॉलरची साडेतीन पॅक. एका पात्रासाठी.

यात आणखी एक खुबी आहे. रुपयांचे क्रिस्टल होतात, क्रिस्टलचे प्रिमोजेम, प्रिमोजेमची विश आणि विशमधून कदाचित पात्र. तीन वेळा नाणं बदलल्यावर मूळ किंमत डोक्यात राहतच नाही. मासळी बाजारात सुरमईचा भाव ऐकून आपली आई लगेच ‘कितक्याक?’ म्हणून घासाघीस सुरू करते, कारण भाव रुपयात असतो. तोच भाव शिंपल्यांत सांगितला असता तर?

म्हणून माझा पहिला नियम ठरला. वस्तूला पैसे देईन, मुलखाला देईन, संधीला देणार नाही. बेल्जियमच्या गेमिंग कमिशननं तर २०१८ मध्येच अशा काही पेट्यांना सरळ जुगार ठरवलं होतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तेव्हा आमच्याकडे बऱ्याच घरांत ‘आता सगळे गेम बंद’ असं पसरलं. तसं नाही. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम कायद्यानं वेगळे धरलेत. ती रक्कम पैज नसेल तर सोशल गेमसाठी सबस्क्रिप्शन किंवा प्रवेश फी घेता येते. तेव्हा घरी कुणी विचारलं तर सांगा, मेंबरशिप घेणं म्हणजे रमी खेळणं नव्हे.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

बाबांनी ‘विकूक येता?’ विचारलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, तो मुद्द्याचा प्रश्न होता.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जी मोबाइलवर बंदी घातली. ज्यांनी त्यात बंदुकांच्या स्किन आणि कपडे विकत घेतले होते, त्यांच्या हातात त्या दिवशी काय होतं? ‘सिटी ऑफ हीरोज’ हा गाजलेला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला कंपनीनं बंद केला. खेळाडू शेवटपर्यंत आत थांबून एकमेकांचा निरोप घेत होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपन्यांमधला करार संपला आणि चीनमधल्या खेळाडूंसाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बंद झाला. तो परत यायला २०२४ उजाडलं.

म्हणजे ऑनलाइन गेममध्ये ‘बाय’ बटण दाबलं तरी आपण मालक होत नाही, भाडेकरू होतो. कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून कायदाच आहे, की डिजिटल वस्तू विकताना तो फक्त परवाना आहे, हे दुकानांनी ग्राहकाला स्पष्ट सांगावं.

भाड्यात वाईट काही नाही. पर्यटक आमच्या खोलीचं भाडं देतात, तेव्हा खोली त्यांची होत नाही. ते दोन दिवस राहतात, समुद्र बघतात, माशांचं जेवण जेवतात आणि खूश होऊन जातात. फक्त भाडं देताना आपण घर घेतोय असं समजू नये. आणि जिथं राहणारच नाही, तिथलं भाडं भरू नये.

जुलैची वही

मी किती राहणार होते? हे मोजायला मी एक वही केली. १ ते ३१ जुलै. रोज झोपण्याआधी एक ओळ. आज खेळले का, किती वेळ, कुणाबरोबर आणि उठताना कसं वाटलं.

आमच्याकडे पावसाळ्याचं गणित उलटं असतं. पर्यटक नाहीत, मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्सही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. वेळ भरपूर आणि पैसा कमी. त्यात लाइट आणि नेटवर्क. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढं वाईट रोज नसतं, पण एक झाड तारेवर पडलं की रात्र गेली. महिन्याची फी मात्र लाइट गेली म्हणून कमी होत नाही.

महिनाअखेर बेरीज केली. ३१ पैकी ९ रात्री लाइट किंवा नेटवर्क नव्हतं. ६ रात्री ऑफिसचं काम किंवा झोप. १६ रात्री खेळले. त्यातल्या १० रात्री फ्रेंड्सबरोबर, ६ रात्री एकटी.

त्या सहा रात्रींपुढे मी काय लिहिलं होतं ते वाचून मलाच नवल वाटलं. ‘कंटाळा.’ ‘नुसतं बोट फिरवत होते.’ ‘एक वाजला, का ते माहीत नाही.’ उरलेल्या दहा रात्रींपुढे गेमविषयी जवळपास काहीच नव्हतं. होतं ते असं. ‘पुणेवालीला बॉस खूप त्रास देतोय.’ ‘डोंबिवलीवाल्याच्या बाबांचं ऑपरेशन नीट झालं.’ ‘पणजीवाली आज गायली.’

म्हणजे मला गेम हवा होता तो त्या दहा रात्रींसाठी. बाराशे भागिले सोळा केलं तर रात्रीला ७५ रुपये. पण खरा भागाकार बाराशे भागिले दहा, म्हणजे १२० रुपये. चौघांनी प्रत्यक्ष भेटायचं तर मला एकटीला पुण्याला जाऊन-येऊनच याच्या कितीतरी पट लागतात, शिवाय दोन रात्रींचा प्रवास. १२० रुपयांना एक भेट. हे मला पटलं.

बहुतेक ठिकाणी ‘गेम किती तास खेळता, त्यानं किमतीला भागा’ असा सल्ला मिळतो. तो अर्धवट आहे. तास तर माझ्या त्या कंटाळ्याच्या सहा रात्रींतही झाले होते. उलट त्याच रात्री सगळ्यात लांबल्या होत्या. भागायचंच असेल तर लक्षात राहिलेल्या रात्रींनी भागा.

एका नॉर्वेजियन मुलाची गोष्ट

ऑनलाइन दोस्ती खरी नसते असं म्हणणाऱ्यांसाठी मॅट्स स्टीनची गोष्ट सांगते. मॅट्स नॉर्वेचा. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्युशेन नावाचा आजार त्याला होता. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा खोलीत एकटाच गेम खेळत राहिला, त्याला जगात कुणी नव्हतं, याचं आईवडिलांना दुःख होतं. त्यांनी तो गेल्याचं त्याच्या ब्लॉगवर कळवलं आणि अनोळखी माणसांचे ईमेल यायला लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावानं वावरायचा आणि कितीतरी जणांच्या अडीअडचणीला धावून गेला होता. त्याच्या अंत्यसंस्काराला गिल्डमधली माणसं दुसऱ्या देशांतून आली. त्याच्यावरची ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ ही डॉक्युमेंटरी २०२४ मध्ये आली. आईला एकदा दाखवा.

पण या गोष्टीचा अर्थ ‘म्हणून पैसे द्या’ असा नाही. मॅट्सला ते मित्र कुठल्या पेटीतून निघाले नव्हते. गेमनं फक्त भेटायची जागा दिली होती. जागेचं भाडं किती द्यायचं, हे आपल्या खिशाप्रमाणे ठरवायचं.

मग घेतली का मेंबरशिप?

घेतली. पण ऑगस्टमध्ये नाही.

ऑगस्टअखेर चतुर्थी होती. डोंबिवलीवाल्याचं मूळ गाव कणकवलीजवळ. तो चाकरमानी होऊन सात दिवस गावी आला. पणजीवाली एक दिवस आमच्याकडे येऊन गेली, पुणेवालीलाही तिनं ओढून आणलं. चौघं आमच्या पडवीत बसून मोदक खात होतो. त्या आठवड्यात कुणाला गेमची आठवणही झाली नाही. तेव्हा लक्षात आलं, की जूनअखेरपासून बाकीच्या तिघांची फी या महिन्यातही आपोआप कापली गेली होती.

गणपती गेले, सगळे परतले, रात्री पुन्हा मोठ्या झाल्या. मग सप्टेंबरात मी एका महिन्याची मेंबरशिप घेतली. एकच महिना, ऑटो-पे बंद, माझ्या मानधनातून. गेममधल्या सोन्यानं ‘बाँड’ घेऊनही १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. पण त्याचा भाव लाखा-कोटी नाण्यांत. तेवढं सोनं जमवायला मला किती कंटाळ्याच्या रात्री घालाव्या लागल्या असत्या, हे वहीत दिसतच होतं.

फाटक उघडलं. आत काय आहे? छान आहे. दोन-तीन कथा खरंच सुंदर आहेत. मोरी मात्र अजून पकडलेली नाही, कारण त्यासाठी मासेमारीची ७६ वी पायरी लागते आणि मी फार खाली आहे.

महिना संपताना चौघांनी मिळून ठरवलं, आता थांबू. पुणेवालीची नोकरी बदलतेय, डोंबिवलीवाल्याची परीक्षा आहे. डिसेंबरात पुन्हा एकाच तारखेला चौघं एक महिना घेऊ. तोवर फुकटचा मुलूख आहेच. लाकडं तोडत गप्पा मारायला तो पुरतो.

मेंबरशिप घेतल्याचं मी बाबांना सांगितलं होतं. त्यांनी लगेच विचारलं नाही. महिन्याभरानं, रात्री जेवताना म्हणाले, ‘‘मगे? गावला काय?’’

मी त्यांना सांगितलं, की पुणेवालीनं नोकरी सोडायची की नाही हे दोन आठवडे रोज रात्री आमच्याशी बोलून ठरवलं. ती फार रडायची, आता बरी आहे.

‘‘ता चेडू? चतुर्थीक इल्ला ता?’’

‘‘तोच.’’

बाबांनी मान हलवली आणि आईकडे आमटी मागितली.

खिशात हात घालण्याआधी

• आधी महिनाभर फुकट खेळा. फुकटात कंटाळा येत असेल तर पैसे देऊन तो जाईलच असं नाही. ‘फायनल फँटसी १४’सारखा फीवाला गेमही ७० व्या लेव्हलपर्यंत फुकट ट्रायल देतो.

• एक ओळीची वही ठेवा. किती रात्री, कुणाबरोबर, उठताना कसं वाटलं.

• वस्तू की संधी, हे बघा. समोर काय मिळणार ते पैसे देण्याआधी सांगता येत नसेल तर सोडा.

• किंमत रुपयात करा. जेम, क्रिस्टल, नाणी यांचा हिशेब कागदावर मांडा आणि महिन्याची बेरीज करा. ७९ रुपये छोटे असतात, तीसदा ७९ नसतात.

• ऑटो-पे तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यायला हवी. पण १५ हजारांपर्यंतच्या नेहमीच्या रकमेला दरवेळी ओटीपी लागत नाही. सूचना वाचली नाही तर पैसे गेलेच. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट रद्द करता येतं.

• परत मिळतील का, ते आधी बघा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. आतल्या दुकानातल्या वस्तूंना सगळीकडे ही सोय नसते.

• रात्री बारानंतर काही विकत घेऊ नका. सकाळी चहा पिताना तीच वस्तू हवीशी वाटली तर बघा.

• आणि आईबाबांच्या फोनवरून तर अजिबात नाही. ते ओरडत नाहीत तेव्हा जास्त लागतं.